चाळीस सेकंदांची तयारी: राजगीर २०२४ आणि पेनल्टी कॉर्नर

[दृश्य: निळं टर्फ, मागे टेकड्या. गोलशेजारच्या पेटीतून मुखवटे काढणारे हात.]

शिट्टी वाजते. पंच दोन्ही हात आडवे करून गोलकडे दाखवतात आणि सामन्याचं घड्याळ थांबतं. हॉकीतला पेनल्टी कॉर्नर: बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल दुसऱ्या संघाला मिळणारी गोलची संधी. जुने प्रेक्षक आजही त्याला शॉर्ट कॉर्नरच म्हणतात.

आता दोन्ही संघांच्या हातात चाळीस सेकंद असतात. बचाव करणाऱ्या पाच जणींना, त्यात गोलरक्षकही आली, मुखवटे, हातमोजे आणि गुडघ्यांची कवचं चढवून गोलरेषेमागे उभं राहायचं असतं. त्यांच्या बाकी सगळ्या सहकारी मध्यरेषेपलीकडे जातात. आक्रमण करणाऱ्या 'डी'च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोल भागाच्या, कडेला जागा घेतात, एकमेकींशी दोन शब्द बोलतात, कुणीतरी बोटांनी खूण करते. चाळीस सेकंद संपले की घड्याळ पुन्हा सुरू होतं आणि पुढचा सगळा खेळ दीड-दोन सेकंदांत उरकतो.

बिहारमधल्या राजगीर इथं ११ ते २० नोव्हेंबर २०२४ या दहा दिवसांत झालेली महिला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी समजून घ्यायची तर या चाळीस सेकंदांपासूनच सुरुवात करावी लागते. अंतिम सामन्याचा एकुलता एक गोल तिथूनच आला.

[दृश्य: राजगीरच्या टेकड्या, स्टेडियमकडे येणारा रस्ता, प्रेक्षकांच्या रांगा.]

राजगीर हे नालंद्याशेजारचं, पाच टेकड्यांच्या कुशीतलं गाव. महावीर आणि बुद्ध दोघांच्याही वास्तव्यानं ओळखलं जाणारं, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध. इथल्या क्रीडा अकादमीचं उद्घाटन झालं ऑगस्ट २०२४ मध्ये आणि जेमतेम अडीच महिन्यांनी सहा देशांचे संघ इथल्या टर्फवर उतरले. भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, मलेशिया आणि थायलंड. स्पर्धेचं शुभचिन्ह होती 'गुडिया' नावाची चिमणी. चिमणी हा बिहारचा राज्यपक्षी.

नव्या मैदानाची पहिली परीक्षा खेळाआधीच झाली. संध्याकाळी प्रकाशझोतांभोवती किड्यांची गर्दी होऊ लागली. वेगानं येणाऱ्या चेंडूवर नजर ठेवणाऱ्या गोलरक्षकाच्या डोळ्यांसमोर किडे घोंघावत असतील तर तो नुसता त्रास नसतो, धोका असतो. म्हणून सामन्यांच्या वेळा अलीकडे ओढल्या गेल्या आणि भारताचे सामने पावणेपाचला सुरू झाले. आयोजकांचा हा निर्णय योग्य होता. दूरचित्रवाणीच्या सोयीपेक्षा खेळाडूंची नजर महत्त्वाची.

[दृश्य: स्पर्धेचं वेळापत्रक पडद्यावर.]

स्पर्धेची रचना साधी होती. सहा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एक लढत. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. पहिले चार संघ उपांत्य फेरीत, पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा. कागदावर सोपं दिसतं. पण भारताच्या तारखा पाहा: ११, १२, १४, १६, १७, १९, २०. दहा दिवसांत सात सामने आणि त्यात तीनदा लागोपाठच्या दोन दिवशी सामना. त्यांतली शेवटची जोडी म्हणजे उपांत्य आणि अंतिम.

हॉकीचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा, एकूण साठ मिनिटांचा. मैदान ९१.४० मीटर लांब, ५५ मीटर रुंद. संघात अठरा जणी, मैदानावर अकरा. बदली कितीही वेळा करता येते आणि त्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही. त्यामुळे आघाडीच्या खेळाडूला काही मिनिटं पूर्ण ताकदीनं पळवायचं, बाहेर बसवायचं, पुन्हा आत पाठवायचं, हे गणित प्रशिक्षकाला सातही सामन्यांत सांभाळावं लागतं. एक अडचण मात्र कायम राहते. पेनल्टी कॉर्नर दिला गेला की तो पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही. अपवाद फक्त बचाव करणारी गोलरक्षक जखमी किंवा निलंबित झाली तर. म्हणजे तुमची फ्लिकर, कॉर्नरवर गोलकडे चेंडू भिरकावणारी खेळाडू, त्या क्षणी बाकावर असेल तर ती बाकावरच राहणार. म्हणूनच कुठलाही संघ एकाच फ्लिकरवर विसंबून राहत नाही.

[दृश्य: कॉर्नरची आकृती. डी, गोलरेषा, चेंडूची जागा.]

आता कॉर्नरकडे वळू, सावकाश.

गोलखांबापासून किमान दहा मीटरवर, मागच्या रेषेवर चेंडू ठेवला जातो. तिथं उभी असते पुशर. तिचा निदान एक पाय मैदानाबाहेर हवा. तिनं चेंडू ढकलला की तो आधी 'डी'च्या बाहेर गेला पाहिजे. त्याआधी गोलवर मारलेला फटका धरला जात नाही. 'डी'ची अर्धगोलाकार रेषा गोलपासून १४.६३ मीटरवर असते. पूर्वी चेंडू पूर्ण थांबवावा लागे, आता ती अट नाही. तरी स्टॉपर तो थांबवतेच, कारण थांबलेला चेंडू उचलणं फ्लिकरला सोपं जातं.

पुशरचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि बिघाड मात्र बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. चेंडू टर्फला चिकटून, उसळी न घेता आणि ठरलेल्या एकाच रेषेत गेला पाहिजे. तो थोडा उसळला तर स्टॉपरच्या स्टिकवरून निसटतो. वीतभर आत-बाहेर गेला तर फ्लिकरची पावलं चुकतात. हळू गेला तर पहिली रशर, म्हणजे गोलरेषेमागून धावत येणारी बचावपटू, त्याआधीच अंगावर येते. पुशरनं नुसती हुलकावणी दिली तर तिला मध्यरेषेपलीकडे जावं लागतं आणि दुसरीला पुश करायला उभं राहावं लागतं.

स्टॉपर खाली वाकून स्टिक जवळजवळ आडवी टेकवते. तिच्या बाजूनं फ्लिकर धावत येते. ड्रॅग-फ्लिकमध्ये चेंडूला फटका मारत नाहीत, तो स्टिकच्या आकड्यात धरून ओढतात. उजवा पाय चेंडूजवळ, मग डावा पाय लांब पुढे. शरीर खाली, चेंडू मागून पुढे येतो, कंबर वळते आणि डाव्या पायाच्या पुढे चेंडू सुटतो. जितकं अंतर चेंडू स्टिकला चिकटून राहील तितका वेग साठतो. डावा पाय अपुरा पडला तर ओढ तोकडी राहते आणि चेंडू मंद निघतो. कंबर लवकर उघडली तर दिशा जाते. आणि स्टॉपरनं चेंडू वीतभर जरी मागे थांबवला, तरी पुढची सगळी साखळी बिनसते, मग फ्लिकर कितीही चांगली असो.

स्टिकचाही वाटा असतो. नियमानं स्टिकला जास्तीत जास्त २५ मिलिमीटरचा बाक चालतो आणि तो बाक टोकापासून २०० मिलिमीटरच्या आत असता कामा नये. फ्लिकर मुली बाक शक्य तितका खाली असलेली स्टिक घेतात. तिच्यात चेंडू जास्त वेळ बसतो. पण त्याच स्टिकनं सरळ जोरकस फटका मारताना चेंडू नकळत वर उठतो. दोन्ही फायदे एका स्टिकमध्ये मिळत नाहीत.

फ्लिक हवी तितकी उंच जाऊ शकते, मात्र ती धोकादायक नसावी. फटका मारला तर नियम वेगळा. पहिलाच फटका असेल तर चेंडूनं गोलरेषा ४६० मिलिमीटरच्या खालीच ओलांडायला हवी. गोलच्या आतल्या फळीची उंची तेवढीच असते. फळीवर चेंडू आदळल्याचा 'ठक्' आवाज आला की गोल, हे कानांना शिकवलेलं असतं ते म्हणूनच.

[दृश्य: गोलरेषेमागे पाच बचावपटू, धाव घेण्याच्या तयारीत.]

दुसऱ्या बाजूची मेहनतही तितकीच. पुशरच्या स्टिकवरून चेंडू सुटला की पहिली रशर सरळ फ्लिकरच्या दिशेनं धावते. ती नेमकी कुठून धावते हे आधी ठरलेलं असतं. गोलचा एक भाग ती स्वतःच्या धावेनं झाकते, उरलेला गोलरक्षकाचा. एक जण गोलखांबाशी थांबते. रशरनं ठरलेली रेषा सोडली तर गोलरक्षकाला चेंडूच दिसत नाही, आणि राजगीरसारख्या मोठ्या स्पर्धेत असे गोल पाहताना प्रशिक्षकांचा जीव जळतो.

रशर लवकर सुटली तर तिला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि तिच्या जागी दुसरी येत नाही. पाचाच्या चार होतात. गोलरक्षकच लवकर सुटली तर संघानं दुसऱ्या कुणा बचावपटूला बाहेर पाठवायचं.

धावणाऱ्या मुलीच्या अंगावर चेंडू लागला तर काय, हा प्रश्न नवा प्रेक्षक हमखास विचारतो. फ्लिकरपासून पाच मीटरच्या आत तिला गुडघ्याखाली चेंडू लागला तर पुन्हा कॉर्नर. गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर तो फटका धोकादायक ठरतो आणि चेंडू बचाव करणाऱ्यांना मिळतो. म्हणून गुडघ्यांची कवचं. १५६ ते १६३ ग्रॅमचा, कडक प्लॅस्टिकचा चेंडू हाडावर बसला तर हाड मोडतं. हे ठाऊक असूनही ती मुलगी धावत जाते. हॉकीत यापेक्षा मोठं धाडस क्वचित दिसतं.

[दृश्य: टर्फवर उडणारं पाणी.]

मैदानाबद्दल एक गोष्ट. हे टर्फ पाण्यावरचं असतं. सामन्याआधी आणि मध्यंतरात त्यावर पाणी मारतात. ओल्या टर्फवर चेंडू सरकतो, स्टिक अडत नाही, पडल्यावर कातडी सोलवटत नाही. सुकत गेलं की चेंडू बारीक उड्या मारू लागतो, आणि पुशर-स्टॉपरच्या कामात उडी म्हणजे बिघाड. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या सत्राच्या शेवटी मिळालेला कॉर्नर आणि मध्यंतरानंतर लगेच मिळालेला कॉर्नर, हे खेळणाऱ्यांच्या लेखी सारखे नसतात.

[दृश्य: भारतीय संघ, राष्ट्रगीत.]

भारताची कर्णधार होती झारखंडच्या सिमडेगाची सलीमा टेटे, उपकर्णधार नवनीत कौर, प्रशिक्षक बिहारच्याच छपऱ्याचे हरेंद्र सिंग. गोलरक्षक सविता आणि बिचू देवी. बचावफळीच्या यादीत एक नाव आपल्याकडचं: वैष्णवी विठ्ठल फाळके, सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेली. आघाडीला संगीता कुमारी, प्रीती दुबे, ब्युटी डुंगडुंग आणि हरियाणातल्या हिसारची दीपिका.

या संघाच्या मनावर त्या वर्षाच्या जानेवारीचं ओझं होतं. रांचीच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत जपानकडून ०-१ अशी हार झाली आणि पॅरिसचं दार बंद झालं. त्याच पॅरिसमध्ये चीननं रौप्यपदक जिंकलं. राजगीरमध्ये जपानही होता आणि चीनही.

पहिला दिवस: मलेशियावर ४-०, संगीताचे दोन गोल. दुसऱ्याच दिवशी कोरिया. संगीतानं तिसऱ्या मिनिटाला, दीपिकानं विसाव्या मिनिटाला गोल केला. २-० वर सामना हातात आलाय असं वाटत असतानाच तिसऱ्या सत्रात कोरियानं ३४व्या आणि ३८व्या मिनिटाला दोन्ही गोल फेडले. शेवटी ५७व्या मिनिटाला भारताला पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना गोल करायची संधी, मिळाला आणि दीपिकानं तो घातला. ३-२. पूर्ण स्पर्धेत भारतावर झालेले गोल एवढेच, ते दोन. आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी तीनदा जिंकलेला कोरिया मात्र राजगीरमध्ये पहिल्या चारांतही आला नाही.

थायलंडवर १३-०. त्यातले पाच दीपिकाचे. असे आकडे पाहून हुरळून जायचं नसतं. त्यांचा खरा उपयोग गुणतक्त्यात होतो, कारण गुण आणि विजयांची संख्या सारखी असेल तर गोलफरक बघतात. हॉकीची खरी कसोटी त्यानंतरच्या सामन्यांत होती.

[दृश्य: चीन आणि जपानविरुद्धच्या सामन्यांची दृश्यं. पडद्यावर मिनिटांचे आकडे.]

हे आकडे शांतपणे वाचा. साखळीत चीनवर ३-०, गोल ३२व्या, ३७व्या आणि ६०व्या मिनिटाला. साखळीत जपानवर ३-०, गोल ३७व्या, ४७व्या आणि ४८व्या मिनिटाला. उपांत्य फेरीत पुन्हा जपान, २-०, गोल ४८व्या आणि ५६व्या मिनिटाला. अंतिम फेरीत चीन, १-०, ३१वं मिनिट. चार मोठे सामने, नऊ गोल, आणि पहिल्या तीस मिनिटांत एकही नाही.

हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. मध्यंतरापर्यंत ०-० असताना संघ घाबरला नाही, उगाच लांब चेंडू मारत सुटला नाही, आणि बदल्यांचं गणित असं सांभाळलं गेलं की तिसऱ्या सत्रात पळायला पाय शिल्लक होते. जपान आणि चीन हे दोन्ही संघ दमत नाहीत म्हणून ओळखले जातात. त्यांना उत्तरार्धात मागे टाकणं हे या संघाचं सगळ्यांत मोठं काम.

जपानचे दोन सामने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १७ तारखेला दीपिकानं लागोपाठच्या दोन मिनिटांत पेनल्टी कॉर्नरवर दोन गोल केले. १९ तारखेला, तोच प्रतिस्पर्धी, तेच मैदान, आणि कॉर्नरमागून कॉर्नर मिळूनही त्यांतून एकही गोल झाला नाही. दोन दिवसांत चित्रफिती पाहून रशरची रेषा बदलता येते, गोलरक्षकाला फ्लिकरची आवडती बाजू कळते. अशा वेळी कॉर्नरचे इतर प्रकार हातात हवेत: चेंडू डावीकडे सरकवणं, गोलखांबाशी आलेल्या पुशरकडून वळवून घेणं, फसवी धाव. ते अडले तर गोल दुसरीकडून यावा लागतो. तो आला. नवनीतनं ४८व्या मिनिटाला स्ट्रोक घातला आणि लालरेमसियामीनं ५६व्या मिनिटाला मैदानी गोल केला. जानेवारीचा हिशेब पुरा झाला.

[दृश्य: अंतिम सामना. २० नोव्हेंबर. पूर्ण भरलेलं स्टेडियम.]

चीननं मलेशियाला हरवून अंतिम फेरी गाठली होती. जपाननं तिसरं स्थान घेतलं. आणि २० तारखेच्या संध्याकाळी तीस मिनिटं गोलफलक कोराच राहिला.

मध्यंतर झालं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि एका मिनिटात भारताला कॉर्नर मिळाला. इथं चित्र थांबवून दीपिकाकडे पाहा. चेंडू तिच्याकडे आला तेव्हा उजव्या बाजूनं सावकाश मारायला उसंत नव्हती. तिनं स्टिक उलटी केली आणि चेंडू गोलमध्ये धाडला. उलट्या स्टिकचा फटका सराव म्हणून कॉर्नरच्या पाठात असतोच, कारण पहिला डाव फसला तरी दुसरा चेंडू डीतच फिरत असतो आणि तो ज्या बाजूला येईल त्या बाजूनं मारावा लागतो.

सामना अजून संपला नव्हता. ४२व्या मिनिटाला भारताला स्ट्रोक मिळाला. गोलरेषेपासून ६.४० मीटर, समोर फक्त गोलरक्षक, तिचे दोन्ही पाय रेषेवर. मारणारीला चेंडू ढकलायची, उचलायची किंवा फ्लिक करायची मुभा, हुलकावणीला मनाई. स्पर्धेत अकरा गोल करणारी दीपिकाच पुढे आली. चीनच्या गोलरक्षक ली तिंगनं तो अडवला. कोरियाविरुद्ध ज्या स्ट्रोकनं सामना जिंकून दिला, तोच अंतिम सामन्यात हुकला. उरलेली अठरा मिनिटं एका गोलच्या आधारावर काढायची होती, आणि चीनसमोर ती फार लांब असतात. बचावफळीनं ती काढली.

१-०. सात सामने, सात विजय, २९ गोल केले, दोन झाले. २०१६ मध्ये सिंगापूर, २०२३ मध्ये रांची आणि आता राजगीर: भारताचं तिसरं विजेतेपद, कोरियाच्या बरोबरीचं.

[दृश्य: हांगझौ. दुसरं मैदान, तेच दोन रंग.]

पुढच्या वर्षी १४ सप्टेंबर २०२५ ला हे दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत भेटले. स्पर्धा वेगळी, आशिया चषक. गाव चीनमधलं हांगझौ. विजेत्याला थेट विश्वचषकाचं तिकीट. दुखापतींमुळे दीपिका नव्हती, सविताही नव्हती. पहिल्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर नवनीतनं गोल केला. भारत १-०, पुन्हा कॉर्नरवर. पण राजगीरमध्ये ही आघाडी ३१व्या मिनिटाला मिळाली होती, इथं पुढे ५९ मिनिटं शिल्लक होती. २१व्या मिनिटाला चीनची कर्णधार औ झिशियानं बरोबरी साधली, तीही पेनल्टी कॉर्नरवर. उत्तरार्धात चीनचे आणखी तीन गोल झाले आणि सामना ४-१ असा संपला.